माती फुकट राबते

नांदुऱ्याहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग कपाशीच्या काळ्या रानांतून पुलगावास पोहोचतो. तेथील दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदतबाह्य स्फोटके निकामी करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत कंत्राटी मजूर होते. मृत्यूंची बातमी झाली. अशा जागी जमिनीत उतरणाऱ्या टीएनटीची होत नाही.

हे विष माती काही अंशी स्वतःच मोडते. पालापाचोळा व शेणखत कुजून बनलेला ह्यूमस, विशेषतः हवा न पोहोचणाऱ्या ओल्या थरात, टीएनटीच्या नायट्रो गटांना इलेक्ट्रॉन पुरवतो. त्यातून निघालेली अमाइन संयुगे पुढे ह्यूमसलाच घट्ट चिकटतात. ह्यूमसची इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता आणि स्फोटकाची ते घेण्याची ओढ मोजली, तर या क्रियेचा वेग आधीच अजमावता येतो.

परंतु जेथे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते आणि पऱ्हाटी धुऱ्यावर जळते, तेथे ह्यूमस मुळातच तुटपुंजा. परमुलखातील मातीवर बसवलेले समीकरण येथे लावून ‘जमीन आपोआप शुद्ध होईल’ असे म्हणणे म्हणजे सफाईचा खर्च शेतकऱ्याच्या नावे मांडणे होय. भांडारे व कारखाने यांभोवतालची माती आणि विहिरी तपासून आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत (विहिरीचे पाणी काही लष्करी गुपित नव्हे) व सफाईची तरतूद संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी.