धुक्यातील खेडे आणि वाच्यार्थाचा प्रश्न

हिवाळा सुरू झाला की वृत्तपत्रांची पाने, दिनदर्शिका आणि छायाचित्रस्पर्धांची दालने यांत एक विशिष्ट चित्र नियमाने अवतरते. पांढुरक्या पडद्याआडून अर्धवट दिसणारी झाडांची रांग, तिच्यातून तिरपे उतरणारे किरण आणि त्या किरणांत सापडलेली एखादी बैलगाडी किंवा मेंढपाळाची काळी आकृती. खाली ओळ असते ती धुक्याची दुलई पांघरलेल्या गावाची. हे चित्र सुंदर असते याविषयी वाद नाही. परंतु या सौंदर्याचे समर्थन करताना जी भाषा वापरली जाते, तिच्याविषयी मात्र वाद घालायला हवा. असे चित्र सूचक असते, ते सांगत नाही तर सुचवते, ते काव्यात्म असते, असे म्हटले जाते. ‘सूचकता’ हा शब्द साहित्यविचारातून छायाचित्रणात गेला असल्याने, त्याचा वापर योग्य होतो आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांवरही येते. माझे म्हणणे असे की, धुक्यातील खेड्याच्या बहुसंख्य छायाचित्रांत सूचकता नसते. जे असते ते केवळ झाकणे असते, आणि या दोहोंतला फरक मूलभूत आहे.

प्रथम धुके छायाचित्रकाराला काय देते ते पाहू. निरभ्र आकाश, पडलेला वारा, लांबलेली रात्र आणि जमिनीतली ओल असली की पहाटेपर्यंत जमीन आपली उष्णता गमावते, तिला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. नदीच्या खोऱ्यात, कालव्याच्या कडेला, पाणी दिलेल्या शेतांवर हे अधिक घडते. हे थेंब प्रकाश विखुरतात. त्यामुळे वस्तू जितकी दूर, तितका तिच्यातील गडद-फिक्याचा भेद कमी होतो. जवळचे झाड काळे, त्यामागचे करडे, त्याही मागचे जवळपास पांढरे, असे कागद कापून एकामागे एक ठेवावेत तसे थर तयार होतात. विजेचे खांब, पत्र्याची छपरे, प्लास्टिकच्या टाक्या, जाहिरातींचे फलक हे सारे आपोआप गळून पडते. एरवी रचना साधण्यासाठी छायाचित्रकाराला जे कष्टाने वगळावे लागते, ते धुके विनासायास वगळते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सगळे दृश्य मध्यम करडे मानून चालतो, म्हणून धुके धुके दिसावे यासाठी प्रकाश थोडा वाढवून द्यावा लागतो, एवढे एक तंत्र सांभाळले की पुरते. धुक्यातील चित्र सहसा बिघडत नाही, आणि ते इतक्या प्रमाणात काढले जाण्याचे एक कारण हेच आहे.

आता सूचकतेकडे येऊ. आपल्याकडे या कल्पनेचा सर्वांत सखोल विचार नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त केला. व्यंग्यार्थ श्रेष्ठ मानणाऱ्या या आचार्याने वाच्यार्थाची उपेक्षा मात्र केलेली नाही. ज्याला प्रकाश हवा त्याने दिव्याच्या ज्योतीची काळजी घ्यावी, तसे ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याने वाच्यार्थाकडे लक्ष द्यावे, असा त्याच्या दृष्टांताचा आशय आहे. वाच्यार्थ बाजूला सारणाऱ्या अविवक्षितवाच्य ध्वनीतही तो आधी उपस्थित असावा लागतो. जे नाहीच ते बाजूला सारता येत नाही. म्हणजे ध्वनी हा स्पष्टतेचा अभाव नव्हे. शब्द आपले काम चोख करतात आणि त्यांच्या पलीकडे आणखी काही उमटते, तेव्हा त्याला ध्वनी म्हणायचे. शब्दच पुसट केले तर वाचकाला गूढ वाटेल, पण त्याला काही सुचवले गेले असे म्हणता येणार नाही.

ही कसोटी धुक्यातल्या बैलगाडीला लावून पाहावी. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात हिवाळ्याच्या पहाटे रस्त्यावर दिसणारी बैलगाडी पुष्कळदा ऊसतोडीची असते. बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास निघालेली कुटुंबे गाळप हंगाम संपेपर्यंत येथे असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता काळोख असतानाच फडात उतरतो. तोडलेल्या उसाच्या मोळ्या गाडीत भरून ती कारखान्यावर न्यायची, तेथे आपला नंबर लागेपर्यंत ताटकळायचे, कधी त्यातच रात्र घालवायची आणि रिकामी गाडी घेऊन परतायचे. छायाचित्रात किरणांच्या झोतात सापडते ती पुष्कळदा हीच परतणारी गाडी. चित्रात तिचे काय होते? गाडीवान एक काळी आकृती होतो. गाडीच्या चाकांचे टायर दिसेनासे होतात, रस्त्याकडेच्या कोप्या पांढऱ्यात विरून जातात, आणि एका स्थलांतरित मजुराच्या पहाटेला ‘ग्रामजीवनाची शांत सकाळ’ असा अर्थ मिळतो. येथे वाच्यार्थाच्या पलीकडे काही सुचवले गेलेले नाही. वाच्यार्थ नाहीसा करून त्याच्या जागी पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेला एक तयार भाव बसवला आहे.

चित्रातल्या धुराचेही असेच. गावावर आडवी तरंगणारी निळसर रेघ हा अशा चित्रांचा आवडता अलंकार. थंड हवा खाली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला, त्यामुळे चुलींचा धूर वर न जाता छपरांच्या उंचीवर पसरतो. ज्या उंचीवर तो चित्रात शोभतो, जवळपास त्याच उंचीवर तो चुलीशी बसलेल्या बाईच्या श्वासात जातो. छायाचित्रकाराने धूर टिपू नये असे मी म्हणत नाही. त्याला हे ठाऊक असेल तर तो कदाचित कॅमेरा कोठे ठेवायचा याचा वेगळा विचार करील, एवढेच म्हणतो.

भाषेकडे पाहिले तरी हा भेद दिसतो. नागर मराठीत धुके ‘पसरते’, ‘दाटते’, ‘उतरते’, दुलई किंवा शाल होते. शेतकऱ्याच्या बोलीत त्याला ‘धुई’ किंवा विदर्भात ‘धुवारी’ म्हणतात, आणि ती ‘पडते’. या पडण्याच्या ओळीत दव आणि पाऊस आहेत, तसेच कीड, रोग आणि दुष्काळही आहेत. तुरीच्या फुलोऱ्यात धुई पडली की फुलगळीची धास्ती असते. नाशिककडे द्राक्षाच्या बागेत पाने तासन्‌तास ओली राहिली की डाऊनी वेगाने पसरतो, आणि घड फुलोऱ्यात असताना हे घडले तर हंगामाचा हंगाम जाऊ शकतो. कांद्यावर करपा येतो. म्हणून ज्या पहाटे शहरातला हौशी छायाचित्रकार तिपाई उभी करून सूर्योदयाची वाट पाहत असतो, त्याच पहाटे बागाईतदार फवारणीच्या ब्लोअरला ट्रॅक्टर जोडत असतो. दोघेही एकाच धुक्याकडे पाहतात. एकाला ते थोडा वेळ राहावे असे वाटते, दुसऱ्याला ते लवकर हटावे असे. या दुसऱ्या पाहण्याची खूणही ज्यात नाही, ते चित्र खेड्याचे आहे असे म्हणणे कठीण आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा किंवा आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पीटर हेन्‍री इमर्सन या वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या छायाचित्रकाराने तो आपल्या परीने सोडवायचा प्रयत्न केला. अनेक निगेटिव्ह जोडून कृत्रिम प्रसंग रचणाऱ्या हेन्‍री पीच रॉबिन्सनच्या पद्धतीला त्याचा कडवा विरोध होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडील नॉरफक ब्रॉड्स या पाणथळ प्रदेशात राहून, चित्रकार टी. एफ. गुडॉल याच्या साहाय्याने त्याने १८८६ साली चाळीस प्लॅटिनम मुद्रितांचा संग्रह काढला. १८८९ साली आपली भूमिका मांडणारे ‘नॅचरॅलिस्टिक फोटोग्राफी’ हे पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी, छायाचित्रण ही कला नव्हे असे म्हणत, ती भूमिका स्वतःच मागे घेतली. तरीही १८९५ सालच्या ‘मार्श लीव्ह्‌ज’मधील त्याची चित्रे सर्वांत विरळ, सर्वांत धुकट आहेत. धुक्याचा मोह त्यालाही होताच. पण त्याच्या आधीच्या संग्रहांत बोरू कापणारे, त्यांच्या गंजी रचणारे, दलदलीतले गवत होडीने वाहणारे लोक आपापल्या कामासह येतात आणि सोबतचा मजकूर ते काम समजावून सांगतो. त्याने या लोकांना कॅमेऱ्यासमोर नीट उभे केले, त्यांच्या दारिद्र्याला थोडा गोडवा दिला, ही टीका खरी आहे. तरी बोरू कापणारा त्याच्याकडे बोरू कापणाराच राहतो, नुसती ‘मानवी आकृती’ होत नाही. त्याच्या धुक्याला वाच्यार्थ आहे, म्हणून त्याची उदासी उसनी वाटत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि मराठी वाचकांना तो मर्ढेकरांमुळे चांगला परिचित आहे. कलाकृती ही संवेदनांची लयबद्ध रचना. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी तिचे सौंदर्य सिद्ध होते. मग गाडी उसाची की कडब्याची, गाडीवान कोण, या लौकिक चौकशा कशाला? करड्या छटांची रचना साधली असेल तर चित्र साधले. या आक्षेपाचे उत्तर छायाचित्राच्या स्वरूपातच आहे. चित्रकाराची करडी छटा त्याने केलेली असते. छायाचित्रातली करडी छटा एका विशिष्ट पहाटे, एका विशिष्ट माणसावरून परतलेल्या प्रकाशाने उमटलेली असते. रोलां बार्थ यांनी १९८० सालच्या छायाचित्रविषयक पुस्तकात भर दिला तो यावरच: समोर ते होते, हे छायाचित्राला नाकारता येत नाही. शिवाय ज्या मर्ढेकरांचा आधार घ्यायचा, त्यांनीही साहित्याच्या माध्यमाचा विचार करताना ‘भावनानिष्ठ समतानता’ अशी निराळी संज्ञा योजली. माध्यम बदलले की सौंदर्याच्या अटींचा तपशील बदलतो, हे त्यांनाही मान्य असावे. छायाचित्राच्या माध्यमाची एक अट म्हणजे समोरच्या वस्तूशी असलेले नाते. तिच्यातून सुटका करून घेणे हे छायाचित्राचे यश मानता येणार नाही.

मराठी साहित्याने हा प्रवास एकदा केलेला आहे. रविकिरण मंडळाच्या काळातील जानपद गीतांत खेडे असेच दुरून, गोड, धूसर दिसत होते. त्यानंतर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मेंढपाळांचे गाव नावागावासह, भुकेसह आले. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कष्ट आले. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) माणूस, जनावर आणि यंत्र यांच्यातला ताण आला, आणि सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत (२००२) शेतीचे अर्थकारण कादंबरीच्या केंद्रस्थानी येऊन बसले. या प्रवासात निसर्ग हरवला असेही झाले नाही. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) शेतात राबणाऱ्या माणसाच्या आहेत आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांतले रान इतके दाट आहे. हौशी छायाचित्रणाची मुख्य धारा मात्र अजून जानपद गीतांच्याच मुक्कामावर थांबलेली दिसते.

आणि आज तेथे थांबणे परवडणारेही नाही. चित्रसंस्करणाच्या आज्ञावलीत पट्टी एका बाजूला सरकवली की धुके हटते, दुसऱ्या बाजूला सरकवली की दाटते. ‘धुके, झाडांची रांग, बैलगाडी, सोनेरी किरण’ एवढे शब्द लिहिले की यंत्र असे चित्र क्षणात तयार करते, आणि ते कोणत्याही स्पर्धेतल्या चित्रांत खपून जाईल असे असते. हे शक्य झाले, कारण अशा चित्रांत कोणतीच जागा आणि कोणतीच तारीख नव्हती. यंत्राला जे बनवता येत नाही ते म्हणजे अमुक गावची अमुक पहाट, अमुक माणसाच्या कामासह. छायाचित्रकाराकडे स्वतःचे म्हणून उरले आहे ते एवढेच.

धुक्याची छायाचित्रे काढू नयेत असा याचा निष्कर्ष नाही. दिव्याची काळजी घ्यावी, एवढाच आहे. एकाच शिवारात पुन्हा पुन्हा जावे. गाडीवानाशी आधी बोलावे, मग कॅमेरा उचलावा. चौकटीत तार किंवा खांब आला तर येऊ द्यावा. चित्राखाली दुलईऐवजी गाव, दिनांक आणि काम लिहावे. धुके हटल्यावर निघून न जाता त्याच जागेवरून आणखी एक चित्र घ्यावे आणि दोन्ही शेजारी लावावीत. तसे केले तर पहिल्या चित्रातल्या पांढऱ्या पोकळीत काय होते हे पाहणाऱ्याला कळेल, आणि तेव्हा ती पोकळी खरोखर काही सुचवू लागेल. व्यंजना शिकवणाऱ्या अध्यापकांनी अशी चित्रांची एक जोडी वर्गात दाखवून पाहावी. अस्पष्ट आणि व्यंग्य यांतला फरक लक्षणांच्या पाठांतरापेक्षा तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या लवकर ध्यानात येईल, आणि कविता वाचतानाही तो त्यांच्या उपयोगी पडेल.