गाव घरी असताना मोजा!



९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात जनगणना झाली. नियम असा होता, की हे वीसही दिवस जो बाहेरगावी, तो आपल्या गावात धरायचा नाही. जिथं सापडेल तिथं मोजायचा. आता फेब्रुवारीत आपल्या दारव्हा तालुक्यातल्या पोडावर असतं कोण? म्हातारे अन् लेकरं. धडधाकट माणसं ऊसतोडीवर, वीटभट्टीवर. घर इथं, वावर इथं, अन् माणूस मात्र कारखान्याच्या गावात! तिथंही कोपीपर्यंत कोणी आलं तर!

हा नुसता आकड्याचा खेळ नाही. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत जनगणना हाही पुरावा आहे. आदिवासी उपयोजनेचा पैसा, राखीव जागा लोकसंख्येवरच ठरतात. आज कागदावर पोड ओस दिसलं, तर उद्या साहेब विचारणारच, "इथं राहतं कोण?"

म्हणून आमची मागणी : मोजणी दसऱ्याआधी करा, तेव्हा सारे घरी असतात.

तोवर आपण गाफील राहायचं नाही. मोजणीच्या दिवसांत जो एक दिवस जरी घरी आला अन् दुसरीकडं मोजला गेला नाही, त्याचं नाव मोजणीच्या गुरुजींना सांगा. नुसतं "आदिवासी" नको; कोलाम, आंध, गोंड, परधान, जी जमात असेल तीच लिहून घ्या.

पोट बाहेर नेते, पण गाव आमचं इथंच आहे!