डॉक्टर, आधी तुम्ही सांगा

प्रति,
अध्यक्ष,
फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया (फॉग्सी), मुंबई



मी खांबची. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून सुकेळीची खिंड ओलांडलीत की आमचं गाव. पुढे कोलाड, कोलाडहून आत वळलं की रोहा. पेण उलट्या दिशेला, बरंच मागे. हा भूगोल मुद्दाम सांगतेय. आमच्याकडे बाळंतपणाचा डॉक्टर निवडायचा म्हणजे आधी रस्ता निवडायचा असतो. रात्रीच्या वेळी, भर पावसात, नाहीतर गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबलेला असताना कुठे वेळेत पोचू, याचं उत्तर मिळालं की निवड संपली. मग तो डॉक्टर ऐकून घेणारा आहे की खेकसणारा, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

पुरवण्यांमधून सल्ले येतात, तेही मी वाचते. दोन-तीन डॉक्टरांना भेटा, आपल्या अपेक्षांची यादी करा, मोकळेपणानं विचारा, पटलं नाही तर दुसरा डॉक्टर बघा. ठाण्यात, कोथरूडमध्ये हे चालतही असेल. खांबच्या मुलीनं दुसरा डॉक्टर बघायचा म्हणजे पुन्हा रिक्षा, पुन्हा केसपेपर, बहुतेक पुन्हा सोनोग्राफी आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. शिवाय तालुक्याच्या गावातला डॉक्टर नुसता डॉक्टर नसतो. हिच्या जावेचं बाळंतपण त्यानंच केलेलं असतं, सासूची पिशवी त्यानंच काढलेली असते. त्याला सोडून गेल्याचं आठवडाभरात कळतं, आणि अपरात्री अडलं तर त्याच्याच दारात उभं राहायचं असतं. अशा माणसाला प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही.

त्यात आपली रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळजेवण झालं, ओटी भरली, की मुलगी फाईल पिशवीत घालून आईकडे येते. सुरुवातीपासून जिनं तपासलं ती डॉक्टर डोंबिवलीत नाहीतर कळंबोलीत राहते, आणि बाळंतपण करणारा डॉक्टर तिला आठव्या महिन्यात पहिल्यांदा बघतो. डॉक्टर निवडला कुणी? रिवाजानं. मला रीत मोडायची नाही. आईच्या हातची पेज आणि शेकशेगडी दुसरीकडे मिळत नाही. पण डॉक्टर निवडण्याचे सगळे सल्ले ही रीत जणू नाहीच असं धरून लिहिलेले असतात.

माझी भाची अशीच आठव्यात आली. तिच्यासोबत तपासणीला मी गेले होते. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही. माझी तक्रार एका दवाखान्याबद्दल नाही. बाहेर बाकांवर जागा नव्हती, दोघी-तिघी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी रक्तदाब नीट पाहिला, पायावरची सूज दाबून बघितली, बाळाचे ठोके तिला ऐकवले. सगळं व्यवस्थित. मग भाचीनं मोबाईल काढला. त्यात तिनं चार ओळी लिहून आणल्या होत्या. कळा सुरू झाल्यावर आई किंवा नवरा जवळ राहू शकेल का? खाली चिरून टाके सगळ्याच पहिलटकरणींना घालता का? उताणं झोपूनच राहावं लागतं का? आणि पोटावर जोरानं दाबतात म्हणे, तसं करता का?

डॉक्टर हसले. "यूट्यूब बघून आलीस वाटतं?" सिस्टरही हसली. मीही अर्धवट हसले, तिथे दुसरं काय करणार! भाचीनं मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि गोळ्या कशा घ्यायच्या तेवढं विचारून आम्ही उठलो.

तुम्हाला पत्र लिहायचं कारण हेच, की ते प्रश्न तुमच्याच पोथीतले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये प्रसूतीकाळच्या देखभालीसाठी ५६ शिफारशी दिल्या. तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, हिंडूफिरू द्यावं, खायला-प्यायला द्यावं, तिला जमेल त्या स्थितीत जोर करू द्यावा, सरसकट चीर देऊ नये, पोटावर दाब देऊ नये, हे सगळं त्यात आहे. तासाला एक सेंटिमीटर पिशवीचं तोंड उघडलंच पाहिजे, हा कित्येक वर्षांचा नियमही त्यांनी तिथे मोडीत काढला. हे परदेशी वाटत असेल तर आपल्या सरकारनं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला २०१६ मध्येच मुभा दिली, आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाईला मानानं वागवणं हा प्रसूतिगृहाच्या दर्जाचाच भाग धरला. खासगी दवाखान्यांसाठी तर तुमचाच 'मान्यता' उपक्रम आहे, १६ निकषांचा. आपल्या राज्यात तो सरकारला सोबत घेऊन 'लक्ष्य-मान्यता' म्हणून चालतो. त्या सोळांतही बाईला सन्मानाची, आधाराची वागणूक देण्याचा निकष आहे. म्हणजे आमच्या भाचीनं अभ्यासक्रमातलेच प्रश्न विचारले होते, फक्त ती बाकावर बसणारी होती.

आता आकड्यांकडे येते, कारण गावातला पहिला प्रश्न तोच असतो: तिकडे नॉर्मल होतं की सिझर करतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीसहून जास्त बाळंतपणं सिझरची होती, सरकारी दवाखान्यांत चौदाच्या आसपास. बाईच्या अंगात, हाडात असा फरक नसतो. दार बदललं की तो पडतो. अवघड केस सरकारीतून खासगीत जातात असंही म्हणायची सोय नाही, आमच्याकडे तर त्या उलट्या दिशेनं, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे जाताना दिसतात. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये सिझरचं प्रमाण दवाखान्यांनी जाहीर करावं म्हणून सह्यांची मोहीम चालवली. लाखावर सह्या झाल्या, तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधींनी आरोग्यमंत्र्यांना लिहिलं, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेतल्या दवाखान्यांना हे प्रमाण दर्शनी भागात लावायला सांगण्यात आलं. आमच्याकडच्या भिंतीपर्यंत ते पोचलेलं नाही.

तुमची यावरची हरकत मला ठाऊक आहे आणि ती रास्त आहे. नुसता टक्का फसवा असतो. जिथे जुळी, आडवी, रक्तदाब चढलेली, आधीचं सिझर झालेली बाई येते, तिथे टक्का वाढणारच. तो डॉक्टर वाईट ठरत नाही. पण यावर उतारा तुमच्याच शास्त्रानं काढलेला आहे. रॉबसन नावाच्या डॉक्टरनं २००१ मध्ये सगळ्या बाळंतिणींचे दहा गट पाडले, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सिझर मोजायची हीच पद्धत वापरा म्हणून सांगितलं. त्यातला पहिला गट म्हणजे पहिलटकरीण, पोटात एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपसूक सुरू झालेल्या. म्हणजे आमची भाची, सगळं सुरळीत राहिलं तर! या गटातल्या बायांपैकी कितींचं सिझर झालं, एवढा एकच आकडा मला हवा आहे. मोठं रुग्णालय असो की दहा खाटांचं, या आकड्यात लपायला जागा कमी. डॉक्टरांची गुणवत्ता त्यानं पूर्ण कळत नाही, पण पेणला जायचं की रोह्याला, हे ठरवायला 'माझ्या नणंदेचं चांगलं झालं' यापेक्षा तो बरा.

डॉक्टरांची बाजू मी जवळून पाहिली आहे. तालुक्याच्या गावात एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्याला रात्री भूलतज्ज्ञ फोन करून बोलवावा लागतो. रक्त लागलं तर पिशवी आणायला गाडी पाठवावी लागते. आधीचं सिझर असलेल्या बाईला 'नॉर्मलची वाट बघू' म्हणणं अशा ठिकाणी धाडसाचं आहे, आणि जो डॉक्टर 'माझ्याकडे ती सोय नाही, तुम्ही मोठ्या रुग्णालयात जा' म्हणतो त्याला मी प्रामाणिक म्हणेन. वर नातेवाइकांची भीती. मार्च २०२२ मध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यात बाळंतीण रक्तस्रावानं गेली, डॉक्टर बाईंवर खुनाचा गुन्हा नोंदवला आणि त्यांनी जीव दिला. ते वाचल्यावर कुणाचा हात लवकर सुरीकडे जात असेल तर मला नवल वाटत नाही.

आणि आमचीही माणसं काही कमी नाहीत. मुलीला काय हवं ते कुणी विचारत नाही, पण पंचांग बघून 'गुरुवारी अकराच्या आत काढा' म्हणणारे सासरे मी पाहिलेत. कळा सोसवत नाहीत म्हणून बाहेरून आईच 'करून टाका सिझर' म्हणते तेही पाहिलंय. सही नवऱ्याची, निर्णय सासूचा, आणि पोट मात्र तिचं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान बाई तात्पुरती भुलीखाली असली तरी तिच्या आईनं दिलेली संमती तिची संमती होत नाही; जीव वाचवायची घाई असेल तर गोष्ट वेगळी. तो खटलाही स्त्रीरोगाच्याच शस्त्रक्रियेचा होता. फॉर्मवर पहिली सही बाईची घ्या, तीही कळा सुरू व्हायच्या आधी, एवढं तुम्ही तुमच्या सभासदांना बजावलंत तरी अर्धं भांडण मिटेल.

आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेतली तेव्हा त्यांचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. पुरुष डॉक्टरपुढे बाया बोलत नाहीत म्हणून बाई डॉक्टर हवी, हे सांगून त्या गेल्या होत्या. आज आमच्याकडे बाई डॉक्टरही भेटतात, आणि त्यांच्यापुढेही तोंड उघडत नाही. आता आडवी येते ती टेबलापलीकडची घाई, आणि 'तुला काय कळतं' हा सूर.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. खांबच्या मुलीनं डॉक्टरची मुलाखत घ्यावी ही अपेक्षा सोडा. डॉक्टरनं आधी सांगावं. महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. त्याच्याच शेजारी तुमच्या संघटनेनं एका पानाचा नमुना द्यावा आणि प्रत्येक सभासदानं तो आपल्या दवाखान्यापुरता भरून लावावा. कळांच्या वेळी सोबत कोण राहू शकतं. खोली एकत्र असल्यानं नवरा चालत नसेल तर तसं, मग आई चालेल का. चीर सगळ्यांना देता की गरजेपुरती. कळा वाढवायचं इंजेक्शन कधी लावता. तुम्ही गावात नसाल तेव्हा बाळंतपण कोण करतं. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तो सगळ्यांत कमी विचारला जातो. आधीच्या सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न इथे होतो का. भूल आणि रक्त किती वेळात येतं, आणि पुढे पाठवायची वेळ आली तर कुठे पाठवता. नाळ लगेच कापता की मिनिटभर थांबता, बाळ आईच्या अंगावर देता की आधी बाजूला नेता. आणि तो पहिल्या गटाचा आकडा, गेल्या वर्षीचा.

'नाही' हे उत्तरही चालेल. 'आमच्याकडे नवऱ्याला आत घेत नाही' असं भिंतीवर लिहिलेलं असेल तर मुलगी घरून मनाची तयारी करून येईल, किंवा दिवस भरायच्या आत दुसरा रस्ता धरेल. कळा सुरू झाल्यावर दारातच कळतं, त्याचा त्रास होतो. डॉक्टरांचंही यात भलं आहे. जे आधी सांगितलं त्यावरून भांडायला नातेवाईक कमी येतात. चाळीस वर्षं शाळेत पालकांना तोंड दिल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

आठव्यात माहेरी येणाऱ्या मुलींसाठी एक जास्तीची विनंती. पहिल्या भेटीत तिला दहा मिनिटं वेगळी द्या, मागच्या डॉक्टरांच्या फाईलसकट. ओपीडीच्या रांगेत नाही, दुपारी, दवाखाना रिकामा असताना. तुमच्या परिषदांमध्ये नव्या यंत्रांवर दिवसभर चर्चासत्रं होतात. एखादं सत्र या दहा मिनिटांवर ठेवा.

सुरुवात रायगडपासून केलीत तर बरं. पान मराठीत असू द्या, अक्षर मोठं, आणि 'एपिसिओटॉमी'च्या जागी 'खाली दिलेली चीर' असं लिहा, नाहीतर तेही दरपत्रकासारखं पाण्याच्या फिल्टरमागे जाईल. कागद एकदा हातात आला की तो वाड्या-वस्त्यांवर पोचवायचं काम आमच्याकडे लागलं. आमच्या आशाताईंना कुठल्या घरात कोण कितव्या महिन्यात आहे ते तोंडपाठ असतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
खांब, ता. रोहा, जि. रायगड