टर्बोच्या नंतर, म्हणजे नंतरच!

तर मंडळी, आमच्याकडे कॅलगरीत बर्फ पडायला लागला की दोन वाद हमखास सुरू होतात. एक हॉकीचा, त्यात मी पडत नाही. दुसरा असा: टर्बो लावलेल्या स्नोमोबाइलवर हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसवायचा की नंतर? ह्यात मात्र मी पडतो, आणि चांगला तावातावाने पडतो.

पुण्याच्या मावशीसाठी थोडक्यात. स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची मोटरसायकलच. डोंगरात नेतात त्या बहुतेक गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक, आपल्या जुन्या चेतकसारखं. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के उरतो, ती तूट टर्बो भरून काढतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलपासून कारखान्यातूनच टर्बो दिला, पण आमच्या गटातले बरेच जण अजून बाहेरून किट बसवून घेतात. आणि घोळ होतो तो तिथे.

पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. टर्बो जोरात असताना मात्र मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, म्हणजे आकडा ११-१२ च्या आसपास ठेवतात. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन वितळतो. तो वितळतो ते नेमकं चढावर, रस्त्यापासून मैलोन् मैल लांब, कंबरभर भुसभुशीत बर्फात, डिसेंबरात साडेचारला अंधार पडत असताना. तिथून चालत येऊन दाखवा.

आता 'आधी'वाल्यांचं म्हणणं: इंजिनाजवळ लावला की आकडा लवकर कळतो. अहो, पूर्ण थ्रॉटलला गॅस तेवढं अंतर काही मिलिसेकंदांत कापतो! डोळ्याची पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. उलट टर्बोच्या आधी उष्णता प्रचंड, त्यात सेन्सर लवकर मरतो. तेही परवडलं, नवा आणता येतो. खरी भीती दाबाची आहे. ह्या सेन्सरमधला प्रवाह गॅसच्या दाबाबरोबर वाढतो, त्यामुळे पेट्रोल जास्त असेल तर तो आहे त्याहूनही जास्त दाखवतो. समजा खरा आकडा १२.५ आहे आणि काटा म्हणतोय ११.५. मालक खूश होऊन लॅपटॉपवर पेट्रोल अजून कापतो. झालं! सेन्सर नसता तर निदान घाबरून तरी चालवली असती.

दुसरं टोक म्हणजे थेट सायलेन्सरच्या तोंडाशी लावणारे. 'तिथे हात पोचतो' हे त्यांचं एकमेव कारण. इंजिन संथ चालू असताना तिथे बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर उगाच पेट्रोल कमी असल्याची बोंब मारतो.

जागा एकच. टर्बोमधून निघून सायलेन्सरकडे जाणारा नळीचा तुकडा, वेस्टगेटचा गॅस जिथे येऊन मिळतो त्याच्याही पुढे, आणि त्यातल्या त्यात सरळ भाग. सेन्सर नळीच्या वरच्या अंगाला, टोक खाली. आडव्या रेषेपासून किमान १० अंश कलता हवा, नाहीतर पाणी साचतं आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की ते तडकतं. आपली गाडी तर उतारावर आडवी कलून चालते, म्हणून मी ४५ च्या आसपास धरतो. जोडणीचा प्लग बर्फाच्या भुग्यापासून लांब.

एवढं करूनही टू-स्ट्रोकमध्ये थोडी ताजी हवा न जळताच बाहेर पडते. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात तर ती बिनपेट्रोलचीच असते, म्हणजे आकडा मुळातच वर सरकलेला. तेव्हा तो प्लगचा रंग आणि एक्झॉस्टचं तापमान यांच्या जोडीनेच वाचा. शिसंयुक्त रेसिंगचं पेट्रोल भरत असाल तर सेन्सर झपाट्याने बिघडणार, हेही धरून चाला.

एका गॅरेजवाल्याने परवा आमच्यातल्या एकाला 'नंतर जागाच नाही' म्हणून आधीच वेल्ड करून दिलं. जागा होती. उष्णतारोधक पत्रा बोटभर सरकवावा लागला असता, एवढंच.