कानांचे कवच, पण पूर्ण वेळ!

पूर्व बंगळूरमधील महादेवपुरा म्हटले की संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आठवतात. पण तेथे कारखान्यांची वसाहतही आहे. प्रेस, ग्राइंडर, कॉम्प्रेसरपाशी दिवसभर काम करणाऱ्या व्यक्तीने घरी टीव्हीचा आवाज वाढवायला सुरुवात केली, तर घरच्यांनी वेळीच सावध व्हावे. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

८५ डेसिबलच्या आवाजात ८ तासांपेक्षा अधिक राहू नये, असे तज्ज्ञ सांगतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला ती उरते जेमतेम १५ मिनिटे!

मग इअरमफ किती उपयोगी? समजा, ते आवाज ३० डेसिबलने कमी करतात. ८ तासांच्या गोंगाटात अर्धा तास जरी ते काढून ठेवले, तरी दिवसभराचे संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. निम्मा वेळ काढले, तर अवघे ३!

शिवाय खोक्यावरील आकडा प्रयोगशाळेतला असतो. चष्म्याची जाड काडी, कानटोपी किंवा मोठी कर्णफुले यांमुळे फट राहते आणि आवाज आत शिरतो. म्हणून इअरमफ थेट कानाभोवती घट्ट बसवावेत, कडक झालेल्या गाद्या बदलाव्यात. बोलायचे असल्यास गोंगाटाबाहेर येऊनच ते काढावेत. वर्षातून एकदा श्रवणचाचणीही करून घ्यावी.