आधी डबा उघडा, मग खिसा

खोपटच्या एसटी स्टँडजवळ राहणारा माझा भाचा मध्यंतरी म्हणाला, "मामू, अठरा हजार जमलेत. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलायचंय." लगेच दोन सल्ले आले. बहीण म्हणाली, खेळासाठी एवढे पैसे म्हणजे उधळपट्टी. एक दुकानदार म्हणाला, अठरा हजारांत काय येणार? पस्तीसचे घे, बाकीचे हप्त्याने दे, व्याज शून्य!

मला दोघांशीही भांडायचे आहे.

आधी बहिणीशी. पोराने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले. आपल्याकडे लग्नाच्या एका रात्रीत लाखभर रुपये उडतात, तेव्हा उधळपट्टी हा शब्द कुणाला आठवत नाही. 'याच कार्डावर तो ॲनिमेशन शिकेल, नोकरी लागेल' असले समर्थनही मी करणार नाही. खेळ हा खेळ असतो. श्रीमंताच्या मुलाने नुसते बोट दाखवायचे आणि आपल्या मुलाने गमतीसाठीही कारण द्यायचे, हा न्याय मला मान्य नाही.

आता दुकानदार. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लेखी बजावले आहे. 'नो कॉस्ट' हप्त्यातही व्याज असते. ते सवलतीत वळते करून दाखवतात. क्रेडिट कार्डावर घेतले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फीही.

त्याहून मोठा दोष हा की त्याने एकही प्रश्न विचारला नाही. एसएमपीएस केवढा आहे? मॉनिटर कोणता? शेवटी आम्हीच डबा उघडला. भाच्याचे जुने जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटवर चालते. तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते. त्याच्या स्वस्तातल्या एसएमपीएसला ती नव्हतीच! मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठाहून जास्त चित्रे तो दाखवू शकत नाही. पस्तीस हजारांचे कार्ड दीडशे चित्रे काढणार आणि पडदा साठच दाखवणार. मग बाकीचे पैसे कशाचे?

म्हणून आधी बऱ्या कंपनीचा नवा एसएमपीएस घेतला आणि उरलेल्या पैशांत सेकंड हँड आरएक्स ६६००. आठ जीबी मेमरी, १३२ वॅट. त्या मॉनिटरला पुरून उरते.

जुन्या कार्डाची भीती खोटी नाही. इथेरियमच्या मायनिंगसाठी ढिगाने कार्डे रात्रंदिवस राबली. सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग थांबले आणि ती कार्डे बाजारात आली. त्यामुळे लॅमिंग्टन रोड असो की ओळखीतला कुणी, बिल मागायचे, त्यावरचा सिरियल नंबर कार्डाशी जुळवायचा, समोर अर्धा तास जड गेम चालवून तापमान बघायचे, पंख्याचा आवाज ऐकायचा. विकणारा नाही म्हणाला तर उठून यायचे. भाच्याने असे दोन सौदे सोडले, तिसरा केला.

खिसा लहान असणे हा गुन्हा नाही. पण लहान खिशाचा माणूस लाजेपोटी प्रश्न विचारत नाही, यावर हा धंदा चालतो. बहीण अजून कुरकुरते. भाचा रात्री तासभर खेळतो, आणि महिन्याच्या पाच तारखेला त्याला कुणाचा वसुलीचा फोन येत नाही.