मधुचंद्र, मे महिना आणि पाऊस

परवा रविवारी आमच्या वस्तीतला एक तरुण घरी आला. मे अखेरीस त्याचा मंगल परिणय ठरला आहे. हातात गोव्याच्या सहलीचे छापील पत्रक होते. "काका, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस, निम्म्या दरात. आजच पैसे भरले तर. काय करू?"

मी कारकून माणूस. निम्मा दर म्हटले की आधी शंका येते. त्याला म्हटले, "बाबा रे, दर निम्मा का झाला, ते पत्रकात लिहिले आहे का?"

जून ते सप्टेंबर गोव्याचा समुद्र खवळलेला असतो. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, पाण्यात उतरू देत नाहीत. किनाऱ्यावरच्या झोपड्यांतली बहुतेक उपाहारगृहे बंद असतात. ज्याला खिडकीत बसून पाऊस पाहायचा आहे, त्याने खुशाल जावे. पण या मुलाला समुद्रात डुंबायचे होते.

वाचकहो, हे मी अनुभवाने सांगतो. 2008 साली आमचे लग्न मे महिन्यात झाले. कार्यालयातून रजा मिळाली ती जून अखेरीस. दोन खोल्यांत आठ माणसे राहत होतो. दोघांना चार शब्द बोलायलाही जागा नव्हती, म्हणून साठवलेले पैसे काढून महाबळेश्वर गाठले. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक या चार महिन्यांतच, हे भूगोलात शिकलो होतो. पण परीक्षेनंतर विसरलो. तीन दिवस धुके. दहा फुटांवरचे दिसेना. कपडे वाळेनात, गादी ओलसर. तिसऱ्या दिवशी पत्नीला ताप भरला. ती तक्रारीचा एक शब्द बोलली नाही. परतताना एस.टी.त एवढेच म्हणाली, "मला एकदा विचारले असते तर?" तो प्रश्न आजही टोचतो.

आपल्यात मुहूर्त पाहिला जात नाही. मग हवामान पाहून तारीख ठरवायला आपल्याइतके मोकळे कोण? तरीही आपली बहुतेक लग्ने मे महिन्यातच होतात. मुलांच्या शाळांना सुट्टी, पाहुण्यांची सोय, ही कारणे खरी आहेत. पण लग्न मे मध्ये म्हणून फिरणेही लगेच जूनमध्ये, हा हट्ट कशाला?

हिशेब सोपा आहे. दोन महिने आधी अमुक दिवशी पाऊस पडेल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून तारीख ठरवावी त्या भागाच्या नेहमीच्या ऋतुमानावरून आणि बॅग भरावी हवामान खात्याच्या अंदाजावरून. जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर घाटरस्ता टाळावा. ऋतूच्या वेशीवरची तारीखही धरू नये. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. पण 2025 साली तो 26 मे रोजीच हजर झाला. मे अखेर कोरडी समजून बेत आखणाऱ्यांची फजिती झाली.

लांबचा बेत असेल तर आणखी जपावे. जुलै 2023 मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला. पर्यटक अडकून पडले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. आपल्याकडे दिवाळीनंतर आकाश निरभ्र, म्हणून तिथेही तसेच असेल असे मानू नये.

आपल्या भागासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्या दिवसांत अजिंठा-वेरूळला जावे. मे महिन्यात त्या बाजूला पारा चाळिशी ओलांडतो, कातळ तापतो. डिसेंबरात दिवसा सुखद ऊन आणि रात्री स्वेटर. मात्र अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे ध्यानात ठेवून दिवस मांडावेत. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. एस.टी.त महिलांना 2023 पासून निम्मे तिकीट आहे. ही सवलत मात्र बिनशंकेची!

एवढे सांगून मी त्या तरुणाला विचारले, "तिला काय वाटते?" तो गप्प झाला. त्याने विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारून आला. ती म्हणाली होती, शाळेच्या पुस्तकात अजिंठा पाहिला आहे, प्रत्यक्ष कधी नाही. बेत डिसेंबरचा ठरला.

पण मग लग्नानंतरचे सहा महिने? त्यांचेही घर दोन खोल्यांचेच. तो प्रश्न त्याच्या आईने सोडवला. ती त्याच्या वडिलांना म्हणाली, "पेरणीला आपण दोघं गावी जाऊ. पंधरा दिवस राहू."

पालकहो, लग्नाच्या जेवणावळीवर आपण हजारो रुपये खर्च करतो. नव्या जोडप्याला पंधरा दिवस घर मोकळे करून द्यायला मात्र एस.टी.ची दोन तिकिटे पुरतात.